डोंगलवाला पीसी

कराडला प्रेसमध्ये मी पहिली नोकरी केली, २००९ साल, तेव्हा तिथे कोपऱ्यात एक पीसी होता. त्याच्यावर कायम एक जुना टॉवेल टाकलेला, मागे अंगठ्याएवढं डोंगल खोचलेलं, आणि ते हलू नये म्हणून प्रेसच्या काकांनी त्याच्याभोवती चिकटपट्टीचे चार वेढे मारलेले. पहिल्याच दिवशी काका म्हणाले, "सगळ्याला हात लाव, त्या मागच्या खुंटीला तेवढा लावू नको. ती निघाली की आपलं मराठी गेलं."

मला वाटलं गंमत करतायत. पण खरंच तसं होतं, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर त्या डोंगलशिवाय उघडायचंच नाही. अख्ख्या प्रेसमध्ये रोख पैसे मोजून आणलेलं तेवढं एकच सॉफ्टवेअर, बाकी चित्रं-बॅनर काढायचं कोरल काय न् फोटोंचं फोटोशॉप काय, सगळं सीडीवालं. सीडीवालं म्हणजे काय ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको.

हे आत्ता आठवायचं कारण माझी भाची. तिने यंदा पुण्यात बीएफएला ॲडमिशन घेतली, घरच्यांनी बऱ्यापैकी पेन टॅब्लेट घेऊन दिला, आणि परवा तिचा मेसेज आला की मावशी, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर महिन्याचं घेऊ की एकदाच पैसे भरायचं घेऊ, बाबा म्हणतायत काय तो आकडा एकदाच सांग. मी तिला एकापाठोपाठ एक सहा व्हॉइस नोट पाठवल्या. सातवी रेकॉर्ड करताना माझ्याच लक्षात आलं की आपण उत्तर कधीच सोडून दिलंय, आता नुसतं आपलं गाऱ्हाणं चाललंय. म्हणून मग लिहायलाच बसले.

आधी कबुली देऊन टाकते. महिन्याचं की एकदाच हा प्रश्न आमच्या वेळी नव्हताच, आमचा प्रश्न एवढाच की क्रॅक, म्हणजे पैसे न भरता सॉफ्टवेअर उघडायची पळवाट, चालतोय का. २०१२ ला फोटोशॉप सीएस६ आलं त्याची अमेरिकेतली किंमत ६९९ डॉलर होती, माझा पगार तेव्हा साडेपाच हजार, म्हणजे सात महिने काही न खाता न पिता काम केलं असतं तर जमलं असतं. त्यामुळे विकत घ्यायचा विचार मनाला शिवायचाही नाही. ओळखीतल्या कुणीतरी सीडी आणायची, अँटीव्हायरस बंद करायचा, कीजेन म्हणजे खोटा नंबर बनवून देणारा छोटा प्रोग्राम उघडायचा, तो उघडला की व्हिडिओ गेमसारखं टुणटुण संगीत वाजायचं (ते का वाजायचं देव जाणे, पण अजून कानात आहे), तिथला नंबर इथे टाकायचा, झालं. चोरी वगैरे शब्द डोक्यात यायचाच नाही. सीडी कॉपी केली तर कुणाचं काय जातं, असंच वाटायचं.

तो शब्द डोक्यात आला तो एका खंडोबामुळे. पाल गावच्या यात्रेसाठी मी कोरलमध्ये घोड्यावरचा खंडोबा काढला होता, माउसने बरं का, पेन टॅब्लेट तेव्हा फक्त ऐकून माहीत. एकेक नोड, म्हणजे रेषेवरचा ठिपका, ओढत, घोड्याची मान बसेना म्हणून तीन वेळा पुसून, पंधरा दिवस चाललं होतं ते. पौषात यात्रा, आणि यात्रेच्या चार दिवस आधी उंब्रजच्या स्टँडसमोर मला माझाच खंडोबा दिसला, दुसऱ्याच कुणाच्या फ्लेक्सवर, बाजूला तीन भाऊंचे फोटो. घोडा उलटा करून डावीकडे तोंड केलेला, म्हणजे तलवार देवाच्या डाव्या हातात. मी तणतणत प्रेसमध्ये आले, चोर आहेत साले वगैरे बरंच काही बोलले. काकांनी शांतपणे तंबाखू मळून घेतली आणि म्हणाले, "बरोबर आहे गं तुझं. तेवढं तुझं कोरल कुठलं ते सांग मला."

यावर काय बोलणार.

तर २०१३ च्या मे महिन्यात फोटोशॉपवाल्या अडोबीने जाहीर केलं की सीएस६ हेच शेवटचं, आता यापुढे सगळं महिन्याच्या भाड्यावर. केवढा आरडाओरडा झाला होता तेव्हा नेटवर, आणि गंमत म्हणजे आमच्याकडे सगळ्यात जास्त ओरडत होते ते आयुष्यात एक रुपयाही न भरलेले लोक. मीही त्यात होते. मग त्यांनी फोटोवाल्यांसाठी ९.९९ डॉलर महिना असा प्लॅन काढला, फोटोशॉपसकट, आणि मी एकदा कॅलेंडरच्या मागे हिशोब मांडला. ६९९ भागिले ९.९९, म्हणजे सत्तर महिने. पाच वर्षं दहा महिने भाडं भरलं की मग कुठे जुन्या किमतीची बरोबरी होणार, आणि तेवढ्या काळात जुन्या पद्धतीने नवी आवृत्ती आली की तिच्या अपग्रेडचे पैसे वेगळे पडलेच असते. म्हणजे आकड्यांत बघितलं तर भाडं काही वाईट नव्हतं. हे मला तेव्हा पटलं नाही, पण खोटं कशाला बोलू, माझ्यासारख्या माणसाला फोटोशॉप पहिल्यांदा कायदेशीरपणे परवडलं ते भाड्यामुळेच. एकदम सात महिन्यांचा पगार नसतो हो कुणाकडे, महिन्याचे सहाशे रुपये असतात.

पण मी तेव्हा भाड्याने घेतलं नाही. मी २०१६ मध्ये, पुण्यात येऊन दोन वर्षं झाल्यावर, आयुष्यातलं पहिलं सॉफ्टवेअर विकत घेतलं ते क्लिप स्टुडिओ पेंट. टोकियोच्या सेल्सिस कंपनीचं, मूळ मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स काढणाऱ्यांसाठीचं, पूर्वी बाहेरच्या देशांत मांगा स्टुडिओ नावाने विकायचे. प्रो आवृत्ती ५० डॉलरच्या आसपास आणि सेल लागला की निम्म्याला, मी अर्थातच सेलला थांबले. पैसे भरले आणि अण्णांना फोन केला की मी सॉफ्टवेअर विकत घेतलं. अण्णा म्हणाले, "बरं झालं. डबा कधी येणार?" म्हटलं डबा येत नाही, नुसता नंबर येतो. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "नंबर वहीत लिहून ठेव." लिहून ठेवलाय, खरंच, किराणाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, निळ्या पेनाने.

त्या नंबरवर मी सहा वर्षं जगले म्हटलं तरी चालेल. नवीन नवीन गोष्टी फुकट मिळत गेल्या, ब्रश सुधारले, ॲनिमेशन आलं. मग ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं की आता आवृत्ती २ पासून असं नाही चालणार, जुनं तुमचं तुमच्याकडे, ते चालत राहील, पण नवीन फीचर पाहिजेत तर दरवर्षी पास घ्या नाहीतर पुढची आवृत्ती पैसे भरून घ्या. मार्च २०२३ ला आवृत्ती २ आलीसुद्धा. लोकांनी धोका दिला वगैरे म्हटलं. मला राग आला, नाही असं नाही, पण राग धरून ठेवता येईना. पंचवीस डॉलर दिले होते मी, एकदा, आणि त्यावर सहा वर्षं दिवाळी अंक, बालभारतीच्या धर्तीवरची खासगी पुस्तकं, दोन लग्नपत्रिका (एक माझी स्वतःची) एवढं सगळं काढलं. तिकडे टोकियोत बसून माझा ब्रश नीट करणाऱ्याला दर महिन्याला पगार लागतोच की. मी भाजीवाल्याला सांगत नाही की २०१६ ला पैसे दिलेत ना तुला.

मध्ये २०१८ ला एक भानगड केली, आयपॅड घेतला. त्या वर्षी पहिल्यांदा साध्या आयपॅडवर ॲपल पेन्सिल चालायला लागली होती. कारण एकच, प्रोक्रिएट. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया बेट आहे, तिथल्या होबार्टची कंपनी, २०११ पासून ॲप विकतात आणि अजून एकदाच पैसे घेतात, आज १२.९९ डॉलर, अपडेट फुकट. सबस्क्रिप्शनविरोधी मंडळींचा हा अगदी कुलदैवत असल्यासारखा दाखला आहे. ॲप खरंच सुरेख आहे, हातात पेन्सिल धरल्यासारखं वाटतं. पण आयपॅड आणि पेन्सिल मिळून पस्तीस हजारांच्या वर गेले त्याचं काय, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर त्यात लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर, किती मिळणार हे आयपॅडच्या मेमरीवर ठरतं, माझ्या त्या साध्या आयपॅडवर ए३ चं मुखपृष्ठ काढायला घेतलं की लेअर संपायचे, मग हे त्यात विलीन कर, ते ह्यात विलीन कर, एकत्र कुटुंबात पाहुणे आल्यावर गाद्या घालतात तसं. म्हणजे ॲप एकदाच घेतलं तरी चार-पाच वर्षांनी यंत्र बदलावं लागतं, तो हप्ताच झाला की.

आणि एकदाच घेतलेलं कायमचं असतं हेही काही खरं नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ॲपलच्या मॅक कॉम्प्युटरची कॅटालिना ही नवी सिस्टीम आली आणि ज्यांनी ज्यांनी अपडेट केलं त्यांची ३२ बिटवाली जुनी सॉफ्टवेअरं एका रात्रीत बंद. पैसे मोजलेली, पावत्या असलेली. माझ्या एका मैत्रिणीने अजून एक जुना मॅक अपडेट न करता, नेटला न जोडता ठेवलाय, त्याच्यावर पण टॉवेल असतो. नॉटिंगहॅमच्या सेरिफ कंपनीचं ॲफिनिटी हे डिझाइनचं सॉफ्टवेअर तर 'आमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही' हेच सांगून विकलं जायचं, मग मार्च २०२४ मध्ये कॅनव्हा या दुसऱ्या कंपनीने अख्खी कंपनीच घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते चक्क फुकट करून टाकलं. ज्यांनी आदल्या महिन्यात पैसे भरले असतील त्यांनी हसावं की रडावं.

आता ती ऑक्टोबर २०२१ ची गोष्ट सांगते, मग माझं म्हणणं काय ते कळेल.

त्या वर्षी एका क्लायंटसाठी म्हणून मी एक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतलं होतं, नाव सांगत नाही कारण यात चूक कुणाची असेल तर माझी. काम बरं होतं म्हणून बाकीचीही चित्रं त्यातच काढायला लागले. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम आला, कार्डवरून दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे आता तुमची आधी नीट परवानगी नोंदवल्याशिवाय कापायचे नाहीत, कापायच्या २४ तास आधी तुम्हाला कळवायचं, पाच हजारांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी. (ती मर्यादा पुढच्या वर्षी पंधरा हजार केली.) नियम आपल्या भल्याचाच. बँकेचे मेल आले होते, मी न वाचता उडवले. ५ तारखेला माझा हप्ता कापलाच गेला नाही. आणि माझं एक दिवाळी अंकाचं चित्र अर्धवट होतं, गोष्टीतली म्हातारी अंगणात पणती लावतेय, रात्र, मागे रिकामा गोठा. सकाळी फाइल उघडली तर उघडली, दिसली, पण ब्रश लागेना आणि सेव्ह होईना. तुम्ही बघू शकता, हात लावू शकत नाही. म्युझियममध्ये दोरी लावतात ना तसं, फक्त दोरीच्या पलीकडे माझंच चित्र.

दुपारी संपादकांचा फोन, "ताई, तुमच्या एका चित्रासाठी छपाईचा फर्मा अडलाय हो." दुसरं कार्ड टाकून बघितलं, तेही घेईना, बँकेच्या हेल्पलाइनवर पंचवीस मिनिटं बासरी ऐकली. शेवटी मी काय केलं तर ते चित्र शंभर टक्के झूम करून सहा तुकड्यांत त्याचे स्क्रीनशॉट काढले आणि ते तुकडे क्रिटा नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन जोडले. जोडले गेले, पण सपाट. लेअर सगळे एकमेकांत जिरलेले. पणतीचा उजेड मी वेगळ्या लेअरवर ठेवला होता, म्हातारीच्या हनुवटीवर तो जरा जास्त झाला होता तो कमी करायचा होता, तो राहिलाच. छापील अंकात आजही ती म्हातारी टॉर्च मारल्यासारखी दिसते. बाकी कुणाला कळलं नसेल, मला प्रत्येक वेळी फक्त तेवढंच दिसतं.

दर महिन्याला पैसे जातात याचं मला दुःख नाही, कधीच नव्हतं. चित्रकाराचे पैसे पूर्वीपण दर महिन्याला जायचेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या कुणालाही विचारा, पोस्टर कलरच्या खोक्यातला पांढरा सगळ्यात आधी संपतो, बाकी रंग अर्धे असताना, आणि मग स्टेशनरीच्या दुकानात जाऊन नुसती पांढरी बाटली आणायची. ते सबस्क्रिप्शनच होतं, पांढऱ्याचं. पण पांढरा संपला म्हणून मागच्या महिन्यातलं निसर्गचित्र काही कपाटात स्वतःला कडी लावून बसायचं नाही. नवीन काढता यायचं नाही, एवढंच. काढलेलं माझं ते माझं. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मला जे खुपतं ते हे, की मी उद्याच्या चित्रासाठी पैसे भरतेय असं वाटतं आणि खरं तर कालच्या चित्रांची किल्ली सोडवून घेत असते.

क्रिटाचं नाव घेतलं तर तेही सांगून टाकते, कारण फुकट म्हटलं की लोक एकतर नाक मुरडतात नाहीतर पाया पडतात. ते केडीई नावाच्या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींचं, नाव स्वीडिश भाषेतल्या खडूवरून. त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या हिशोबाने रंग, आहेत, छापायच्या कामाला तेवढं मला पुरे, स्क्रीनवरचा झगझगीत निळा छपाईत कसा मळकट होणार हे आधीच दिसतं आणि झटका लागत नाही. कधीकधी मोठ्या ब्रशला अडखळतं. पण फुकट म्हणजे कुणीच पैसे देत नाही असंही नाही, त्यांची संस्था नेदरलँड्समध्ये आहे, २०१७ मध्ये तिला तिथल्या टॅक्सखात्याचं मोठं बिल आलं होतं आणि जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून ते भागवलं. गणपतीची वर्गणी काढतात तसंच. मीही तेव्हापासून वर्षाला एकदा देते थोडे, दिवाळी अंकांचे चेक आले की. चेक मार्चमध्ये येतात ती गोष्ट वेगळी.

भाचीला मी शेवटी काय सांगितलं ते लिहिते. म्हटलं, पहिलं वर्ष क्रिटावर काढ, हात बसू दे, बाबांना आकडा शून्य सांग, खूश होतील. कॉमिक्सकडे ओढ आहेच तुझी, तर क्लिप स्टुडिओ सेलला एकदाच घेऊन ठेव, जी आवृत्ती मिळेल ती, पुढच्या आवृत्तीच्या मागे लागू नकोस, नव्या आवृत्तीत काय आलं ते न कळताही चित्रं निघतात. (लॅपटॉपवर घे पण, टॅब आणि फोनवर ते एकदाच मिळतच नाही, तिथे फक्त भाडं.) फोटोशॉप एखादी एजन्सी मागेल तेव्हा घे, आणि घेताना नीट वाच. 'वार्षिक करार, पैसे महिन्याला' असा एक प्लॅन असतो, तो दिसतो महिन्याचा पण असतो वर्षाचा, मध्येच सोडला तर दंड. या दंडाची माहिती झाकून ठेवली असा आरोप करून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांच्या बाजूच्या खात्याच्या सांगण्यावरून अमेरिकन सरकारने जून २०२४ मध्ये अडोबीवर खटलाच भरला होता. आणि काही झालं तरी, कुठल्याही सॉफ्टवेअरात काढ, चित्र पूर्ण झालं की त्याची एक पीएसडी (लेअरसकट फाइल) आणि एक पीएनजी (साधं सपाट चित्र) बाहेर काढून हार्ड डिस्कवर टाकायची. पीएसडी क्रिटातही उघडते, क्लिप स्टुडिओतही उघडते, लेअर बहुतेक जागेवर येतात. त्या ऑक्टोबरनंतर मी हे दर रविवारी करते, नवरा त्याला मावशीचं श्राद्ध म्हणतो का तर मी बसते तेव्हा कुणाशी बोलत नाही.

भाचीने यावर अंगठा पाठवला. तीन हजार शब्दांच्या बडबडीला एक अंगठा. असो.

हे लिहून अर्धवट ठेवलं होतं आणि मंगळवारी काकांचा फोन आला. चार-पाच वर्षांनी. तब्येत विचारून झाली, मग म्हणाले, "अगं तो पीसी गेला. मदरबोर्ड. गावात कुणाकडं तसला मिळंना." म्हटलं डोंगल आहे ना? "डोंगल आहे की, ठणठणीत आहे. लावू कशाला?" सतरा-अठरा वर्षं चिकटपट्टीत गुंडाळून जपलेलं डोंगल, एकदाच पैसे भरून कायमचं घेतलेलं. हार्ड डिस्क मात्र वाचली होती, आणि पौषात पालची यात्रा तोंडावर, दरवर्षी तेच बॅनर लागतं, माझा तोच खंडोबा. पुतण्याने ती कोरलची फाइल मला पाठवली.

मी ती इंकस्केपमध्ये उघडली, फुकटवालं, कोरलच्या जुन्या फाइली बऱ्यापैकी वाचतं. घोडा आला. मान, आयाळ, तलवार, एकेक नोड जागच्या जागी, तीन वेळा पुसलेल्या मानेचा एक नोड अजून थोडा बाहेर आलेला तोसुद्धा. आणि खाली जिथे 'येळकोट येळकोट जय मल्हार' होतं तिथे इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, अर्धे कंस आणि चौकोन यांची एक लांबलचक ओळ. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत, नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टची हीच गत, आत साठवलेली इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांच्यावर मराठीचा मुखवटा. कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषा करून, ठेवलं असतं तर वाचलं असतं. तेव्हा मला कोण सांगणार, मी तेवीस वर्षांची, आणि डोंगल होतं ना.

काकांना फोटो काढून पाठवला. त्यांचा फोन आला, "आयला, देव राहिला आणि मराठी गेलं होय." मग म्हणाले, "अक्षरं हातानं काढ की. तुझं अक्षर बरं होतं."

म्हटलं काढते. बुधवारी रात्री बसून क्रिटात जाड ब्रशने काढली, 'ळ' चार वेळा, कारण तो मनासारखा येईना. पाठवलं. थोड्या वेळाने काकांचा मेसेज, सगळं एका ओळीत, विरामचिन्ह नाही.

चांगलं झालंय किती द्यायचे एकदाच सांग दर यात्रेला मागू नको